आईला आणायची बोट

पोथिया, कालिम्नोस बेट
३ मे १९९७

नोमिकी,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी एवढं वाच. आईला बाहेर काढायची वेळ झाली आहे. झाली कसली, केव्हाच उलटून गेली. तीन वर्षांनी काढायचं ते पाच झाली, आणि गाव माझ्याकडे असं बघतं की जणू मी दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारत बसले आहे.

तुला आठवत असेलच, पण तिकडे ऑस्ट्रेलियात, डार्विनला, पंचवीस वर्षं काढून माणूस काय काय विसरतं कोण जाणे, म्हणून सांगते. आपल्याकडे अजून तसंच आहे. माती थोडी, मेलेले फार. थडगं उघडायचं, हाडं वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. हे काम थोरल्या लेकीचं. आईचं घर थोरलीला, तर आईची हाडंही थोरलीलाच. हे वाचून तू नाक मुरडलंस ते मला इथून दिसलं.

मी टाळत होते, खोटं कशाला बोलू? आधी माझे गुडघे, मग आईचंच नाव लावलेल्या माझ्या लेकीचं, सेवस्तीचं लग्न, मग मिकेसचं ऑपरेशन. नवऱ्याला आजारपणही नेमकं माझ्या सोयीच्या वेळी आलं. पण काल म्हाताऱ्या ग्रिगोरिसचे मुलगे दारात येऊन उभे राहिले. म्हातारा आता काही दिवसांचा सोबती आहे, आणि त्यालाही आस्प्रोनीसी बेटावरच निजायचंय. आपल्या आईसारखा तोही तिथलाच जन्मलेला. त्या दगडाच्या बेटावर आता शेळ्या सोडल्या तर कुणी राहत नाही, आणि माती आहे ती तीन थडग्यांपुरती, तीही आपल्या आजोबांनी बोटीतून पोती भरभरून नेलेली. दोन थडगी अजून ताजी आहेत. उरली आई. थोरला मला म्हणतो, "थेमेलिना काकू, तुम्ही तुमच्या आईला उठवा, म्हणजे आम्ही आमच्या बापाला निजवू." बाप अजून बसून सूप पितोय आणि हे जागा धरायला निघालेत!

तर बेत असा. सकाळी वारा उठायच्या आत बोटीने निघायचं, काम उरकायचं आणि वारा वाढायच्या आत परत यायचं. आपला मामेभाऊ सकेलारिस त्याची बोट देईल. पापा-फोटिस येतील. हे आता आपले धर्मगुरू, स्वभावाने गरीब आहेत पण समुद्र बाधतो त्यांना. खणायला मिकेस.

आता पोटातलं सांगते. मला भीती वाटते, नोमिकी. ती तशीच निघाली तर? ज्याला माती खात नाही त्याला मागे कुणीतरी क्षमा केलेली नसते, हे आपण दोघींनी एकाच मांडीवर बसून ऐकलंय. आणि त्या 'कुणीतरी'चं नाव इथल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे. बाबा समुद्रात स्पंज काढायला उतरले ते वर आले नाहीत, म्हणून तुझं घर बांधून झालं नाही. मुलीला हुंड्यात घर द्यायची आपली रीत, त्यामुळे घर नाही म्हणून स्थळ नाही. मग आईने फोटोतला नवरा शोधला, एकोणीस वर्षांच्या पोरीला जहाजावर चढवलं आणि निरोप द्यायला बंदरावर आलीसुद्धा नाही. पुढे तू तिला एक ओळ लिहिली नाहीस. ती गेली तेव्हाही आली नाहीस. मी कुणाचीच बाजू घेत नाहीये. पण ती जर केसा-नखांसकट अख्खी निघाली, तर तिला पुन्हा पुरावं लागेल, आणि ते सगळं अनेझूलाच्या डोळ्यांदेखत. ही शेजारीण माझी. ती बोटीत न बोलावता येणार, हे गृहीत धर.

तेव्हा एक तर ये. नाही तर चार ओळी लिहून पाठव, की आई, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही उरलेलं नाही. पापा-फोटिस त्या थडग्यावर वाचतील. तेवढं चालतं म्हणाले. जूनच्या मध्यावर, मृतांच्या शनिवारी जायचं ठरवलंय. टपालाला वेळ लागतो, लगेच बस लिहायला.

थेमेलिना


२ जून

नोमिकी,

मगर?

आईच्या मृत्यूनंतर तुझा पहिला कागद घरात आला, आणि त्यावर मगर! जबडा उघडून बसलेली! पोस्टमनने ते कार्ड आधी अनेझूलाला दाखवलं, तिने बेकरीत दाखवलं, आणि मला जेव्हा मिळालं तेव्हा त्यावर पिठाची बोटं उमटली होती. मी उलटून बघते तर एवढंच, "या वर्षी नको. पुढे बघू. नोमिकी."

पुढे बघू? ग्रिगोरिसला सांगू का, की बाबा रे, पुढल्या वर्षापर्यंत श्वास धरून ठेव, डार्विनहून हुकूम आलाय? उंटावरून शेळ्या हाकणं कुणी तुझ्याकडून शिकावं. क्षमा मागितली तर मगर पाठवते बया.

त्यात सकेलारिस. त्या माणसाला काय झालंय कळत नाही. एप्रिलपर्यंत "ताई, कधी जायचं सांग, बोट तुझीच आहे" म्हणत होता. परवा बंदरावर गाठला तर म्हणे इंजिन बिघडलंय. इंजिन तर धडधडत होतं, मी कानांनी ऐकलं.

"हे काय वाजतंय मग?"

"वाजतंय गं, पण मनासारखं वाजत नाही."

"तुझ्या मनासारखं तुझी बायकोसुद्धा वाजत नाही, म्हणून तू तिला घरात ठेवून आलास का?"

मग म्हणे वारा. मग म्हणे बेटावर शेळ्या माजल्यात, शिंगं मारतात. पन्नाशी उलटलेला माणूस, वडलांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला, तो मला शेळ्यांची भीती घालतो! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी त्याला स्पष्ट सांगितलं, तू नेणार नसशील तर मी पर्यटकांच्या बोटीतून जाईन. शेजारच्या कोस बेटाहून येते ना ती, एका दिवसात तीन बेटं दाखवणारी, उघड्यानागड्या गोऱ्यांना आस्प्रोनीसीला पोहायला उतरवते. त्यांच्यात मी काळे कपडे घालून आईची पेटी मांडीवर घेऊन बसेन. हे ऐकून त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले. म्हटलं, झटका-बिटका येतोय की काय ह्याला.

अजून वेळ आहे. कार्ड नको, पत्र लिही. आणि मगर नको.

थेमेलिना


१२ जून

नोमिकी,

तुझं पत्र आलं नाही. बरं.

परवा जायचं नक्की झालंय. मिकेसने दुसऱ्या एकाची बोट ठरवली, आणि ते कळताक्षणी सकेलारिस धावत घरी आला. "आपल्या आत्याला परक्याच्या बोटीतून आणायचं? मी मेलोय का?" म्हणाला. मग कॉफी पुढे ठेवली तर ती न पिता बराच वेळ बसला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी "ताई, नोमिकीशी बोललीस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बोलले, मगरीशी. तो उठून गेला.

मृतांच्या नैवेद्याचा गहू उकडून झालाय. उद्या त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम आणि साखर. ग्रिगोरिसच्या मुलांनी स्वतःहून वाइन आणून दिली, इतकी उत्सुक आहेत लेकरं. पेटी सुताराने अक्रोडाची केली आहे, वर आईचं नाव. पांढरं कापड आईच्याच पेटाऱ्यातलं काढलं, तिने स्वतःसाठी कडा विणून ठेवलेलं. तू लहानपणी त्यावर शाई सांडली होतीस, तो डाग अजून आहे. तो आतल्या बाजूला येईल अशी घडी घालणार आहे.

आता एक सांगते आणि तू ओरडशील. तुझ्या चार ओळी आल्या नाहीत, तर मी लिहिल्या. तुझ्या नावाने. तुझ्या शाळेच्या वह्या माळ्यावर आहेत, त्यातून अक्षर गिरवलं. सगळ्या अक्षरांना तुझ्यासारखी शेपटी काढली. "आई, माझ्या मनात तुझ्याबद्दल काही उरलेलं नाही. तुझी लेक नोमिकी." मिकेसने बघितलं आणि म्हणाला, "थेमेलिना, हे पाप आहे." मी म्हटलं, पाप माझ्या नावावर, माती तर फसेल! माती काय अक्षर ताडून बघणार आहे?

ओरडायचं तर येऊन ओरड.

थेमेलिना


१४ जून, शनिवार

नोमिकी,

आई ऑस्ट्रेलियाला गेली म्हणे.

मी हे वाक्य लिहून त्याच्याकडे बघत बसले आहे. मिकेस दार लावून बसलाय, बाहेर निम्मा पोथिया जमलाय. मी आत्ता तुला काहीही लिहू शकत नाही. जे लिहीन ते पोस्टात घालण्यासारखं नसेल.

अगं, तू माणूस आहेस का?


१८ जून

आता लिहिते. सगळं लिहिते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळू दे.

सकाळी समुद्र आरशासारखा होता. पापा-फोटिसनी निघायच्या आधीच ओकारी काढून घेतली, मोकळे झाले. अनेझूला मांडीवर गव्हाचं तबक घेऊन बसली होती. सकेलारिस सुकाणूवर, माझ्याकडे पाठ करून. पोहोचल्यावर आम्ही उतरलो आणि तो बोटीतच थांबला. म्हणे नांगर धरत नाहीये.

थडगं नीटनेटकं होतं. दगड एकाला एक लावलेले. मला बरं वाटलं, म्हटलं शेळ्यांनी काही विस्कटलं नाही. पापा-फोटिसनी प्रार्थना म्हटली. मग मी दिलेला कागद उघडला आणि तुझी क्षमा वाचली. चांगली वाचली गं त्यांनी, सावकाश. अनेझूला हुंदके द्यायला लागली, "पोरीने शेवटी मन मोठं केलं!" म्हणून. मीसुद्धा रडले. स्वतः लिहिलेल्या ओळींवर रडले, इतकी मी मूर्ख.

मिकेस खणायला लागला. माती भुसभुशीत. तो म्हणाला, "फारच मऊ आहे." मी म्हटलं, शुभ आहे. गुडघ्याइतकं खणलं, कमरेइतकं खणलं. मी वाइनची बाटली उघडून कापड पसरून बसलेली. मग फावडं खडकावर आपटलं. ठण्ण. मिकेसने मान वर केली. मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे. खड्ड्यात काहीही नव्हतं. फळकुटाचे दोन तुकडे आणि माती.

अनेझूलाने जी किंकाळी फोडली ती कोसपर्यंत गेली असेल. "उठली! सेवस्ती उठून चालायला लागली!" तबक उलटं, गहू दगडांवर, आणि शेळ्या आल्या खायला. पापा-फोटिस पुस्तक छातीशी धरून मागे मागे सरकत काटेरी झुडपात बसले. मिकेस वेड्यासारखा खडक ठोकत होता, जणू आई त्याच्या खाली गेली असेल. मी ओरडले नाही. डोक्यात एकच, की मातीने खाल्लं, हाडांसकट खाल्लं, इतकं कुठे कुणाला खाते का माती?

तेव्हा सकेलारिस बोटीतून उतरला. गुडघाभर पाण्यातून चालत आला, टोपी हातात.

"खणू नकोस मिकेस. ती तिथे नाही."

"कुठे गेली?"

"ऑस्ट्रेलियाला."

पापा-फोटिसनी झुडपातूनच विचारलं, "कशी?" आणि तो म्हणाला, "विमानाने."

मी काय काय ऐकलं ते तुला सांगते, खोटं असेल तर सांग. गेल्या सप्टेंबरात तू कोसला उतरलीस. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, त्या तीन बेटांच्या बोटीत गोऱ्यांच्या मध्ये बसलीस. ते आस्प्रोनीसीला पोहायला उतरले आणि तूही उतरलीस. सकेलारिस फावडं घेऊन तिथे हजर, कोसहून आणलेले कोणी म्हातारे धर्मगुरू हजर. बोट गेली, तुम्ही तिघं राहिलात. आणि मी त्याच दिवशी, समोरच्या बेटावर, घरात, भाजी निवडत बसलेली असेन! तू आईच्या थडग्यावर आलीस आणि माझ्या दारात आली नाहीस. हाकेच्या अंतरावर होतीस गं.

आणि फेब्रुवारीत मी तिथे गेले होते. ठाऊक आहे तुला? सकेलारिसनेच नेलं. बोचरा वारा, माझे गुडघे असे, मी दिवा लावला, दगडांना हात फिरवला, आईला सेवस्तीच्या बाळाची बातमी सांगितली. रिकाम्या खड्ड्याला सांगितली! आणि तो बोटीत बसून बघत होता.

मी त्याला टोपीनेच मारलं, त्याच्याच. तो मार खात उभा राहिला आणि म्हणाला, "मार ताई. पण तीही लेकच होती की. ती पोर ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा तिची ट्रंक मीच जहाजावर चढवली होती, तेव्हा बंदरावर तिच्याकडचं मी सोडून कुणी नव्हतं. तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं, मी नाही कसं म्हणू?" मी विचारलं, कशी निघाली? आई कशी निघाली? तो म्हणाला, "ते नोमिकीने सांगायचं. मी शपथ घेतली आहे."

तेव्हा सांग. चोरी केलीस ती केलीस. हद्द केलीस. आई कुठल्या शेल्फवर ठेवली आहेस, तुझ्या जॅनेटला तिच्याबद्दल काय सांगतेस, मला ऐकायचं नाही. आजीचं नाव लेकीला द्यायला लाज वाटली, आणि आजीला मात्र घरी नेलंस! फक्त एवढं सांग. अख्खी होती का? काळी होती का? मी पाच वर्षं ज्या एका गोष्टीला भिऊन झोपले नाही, ती तू तुझ्या डोळ्यांनी बघितली आहेस. मला ते कळलंच पाहिजे.

थेमेलिना


डार्विन
५ जुलै १९९७

ताई,

अख्खी नव्हती. काळी नव्हती. स्वच्छ होती, मेणासारखी पिवळी. सकेलारिसने डोकं आधी वर काढलं आणि माझ्या हातात दिलं. सोन्याचा दात जागेवर होता. कोसचे म्हातारे म्हणाले, "पुण्यवान बाई. हिचं कुणाकडे काही अडकलेलं नव्हतं."

तुला आता आनंद होईल. मला झाला नाही, ताई. मी कशासाठी आले होते ते ऐक. मला ती अख्खी हवी होती. मला तिचं तोंड बघायचं होतं. मी विमानात सगळं पाठ करत आले होते, की ती तशीच पडलेली असेल, माझ्यासाठी अडकून, आणि मी तिला विचारेन, का आली नाहीस बंदरावर? आणि सांगेन, क्षमा करत नाही, जा, पुन्हा मातीत जा. पंचवीस वर्षं मी हा राग जपला. इथे उन्हाने माणसं वितळतात, माझा राग वितळला नाही. आणि तो तिच्या नखालासुद्धा लागला नव्हता. माझी वाट न बघता ती कधीच सुटून गेली होती.

मग मी तिला धुतलं. तिचं अंग मी कधी पुसलं नव्हतं, ते सगळं तू केलंस, शेवटपर्यंत. मला काही जमत नव्हतं, कुठलं हाड कुठलं कळत नव्हतं. सकेलारिस सांगत होता, हा खांदा, हा गुडघा. तुझ्यासारखेच गुडघे, ताई. आणि धुऊन झाल्यावर ती तिथल्या लहानशा देवळात ठेवून बोटीत बसायचं होतं, ते माझ्याने झालं नाही. मी काही ठरवून चोरी केली नाही. स्पंजांचं खोकं मी आधीच घेतलेलं होतं, इथल्या लोकांना भेट द्यायला. स्पंज वर आणि ती खाली. डार्विनच्या विमानतळावर माणसाने दोन स्पंज दाबून बघितले आणि विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझ्या गावचं. त्याने जाऊ दिलं.

तुझ्या दारात का आले नाही विचारतेस. आले असते तर तू पहिला प्रश्न हाच विचारला असतास, कशी निघाली. आणि मला सांगावं लागलं असतं, की ती माझ्याशिवायच निघाली. ते तुझ्या तोंडावर सांगण्याइतकी हिंमत नव्हती. कार्डही त्यासाठीच पाठवलं. दुकानात तेवढंच एक होतं. घाईत मगर बघितलीच नाही.

माझ्या नावाने तू लिहिलंस त्याचा मला राग यायला हवा. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मला ते अजूनही लिहिता येत नाही.

घर तुला मिळालं. आई मी घेतली. ती परत मागू नकोस.

नोमिकी


पोथिया
२४ जुलै १९९७

नोमिकी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. 'स्वच्छ होती' इथपर्यंत वाचलं आणि मी ओल्या चादरीत तोंड घालून रडले. मग पुढचं वाचलं आणि अशी ओरडले की मिकेस चप्पल न घालता धावत आला. त्याला वाटलं कुणी मेलं. मी म्हटलं, नाही, एक जण मेलेली आहे ती नीट मेली होती आणि आम्हा दोघींना कुणी सांगितलंच नाही!

अगं, काय केलं आपण? मी पाच वर्षं थडगं उघडलं नाही, कारण मला वाटायचं ती तुझ्यामुळे अख्खी निघेल. तू अर्धी पृथ्वी ओलांडून आलीस, कारण तुला वाटायचं ती तुझ्यामुळे अख्खी निघावी. आणि ती बाई कुणालाही न विचारता आपली आपण गेली होती. जन्मभर तशीच वागली, मातीत गेल्यावर काय बदलणार? मला अजून धक्का ओसरलेला नाही. भांडी घासताना मध्येच थांबते आणि स्वतःशीच म्हणते, स्वच्छ!

ग्रिगोरिस गेला. गेल्या मंगळवारी त्याला तिथे ठेवला, त्याच जागेत. पेटी रिकामीच आहे, कपाटावर. गावाला मी सांगितलंय की माझ्या बहिणीने आईला नेलं, आणि माझ्या संमतीने नेलं. अनेझूला म्हणाली, "तू तर सकेलारिसला टोपीने मारत होतीस." मी म्हटलं, संमती देताना मी मारतेच. पापा-फोटिसना मात्र खरं सांगितलं, त्या खोट्या ओळींसकट. त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून चाळीस दिवस तेल बंद केलंय. उकडलेलं खाऊन जीव वैतागला आहे.

आई परत मागत नाही. ठेव. फक्त दमट जागी ठेवू नकोस, आणि ते शाईच्या डागाचं कापड मी पाठवते आहे, त्यात गुंडाळ. स्पंजांत काय ठेवतेस, ती काय बशी आहे?

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तू लिहितेस, मला तिचं तोंड बघायचं होतं, तिला विचारायचं होतं. त्या कवटीला विचारायला तू इतक्या लांब आलीस, आणि जिला तोंड आहे ती समोरच्या बेटावर भाजी निवडत होती. आई बंदरावर का आली नाही, तुझं घर का झालं नाही, तेव्हा मी काय करत होते, हे सगळं मला विचार ना! जे ठाऊक आहे ते सांगेन, जे ठाऊक नाही ते नाही म्हणेन, आणि तू ओरडलीस तर मीही ओरडेन. आई आता ह्यातलं काही करू शकत नाही. मी करू शकते. मी साठीला टेकले आहे, माझे गुडघे तू बघितलेस, तिचेच आहेत.

क्षमा-बिमा राहू दे, तुला लिहिता येत नाही तर नको लिहूस. मलाही तुझ्या त्या टोपीला आणि चष्म्याला क्षमा करायला वेळ लागणार आहे. पण ये. मी खुर्चीत बसलेली असताना ये, नोमिकी. मला खणून काढायची वेळ येईपर्यंत थांबू नकोस.

ताई